हायस्कूल संपवणाऱ्या मुलांचं कौतुक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळात दर उन्हाळ्यात हायस्कूल संपवणाऱ्या मुलामुलींचा सत्कार होतो. प्रत्येकाची ओळख लिहून घ्यायची, तपासायची आणि स्टेजवर वाचायची, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. फेब्रुवारी उजाडला की आईबाबांचे, दुसऱ्या मंडळांतल्या कार्यकर्त्यांचे आणि भारतातल्या आजी-आजोबांचेही फोन सुरू होतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. सीनियर म्हणजे नक्की कोण? ग्रॅज्युएट तर कॉलेज संपल्यावर होतात ना?

हा प्रश्न बहुतेक वेळा पुण्या-नागपुराहून येतो. इथे हायस्कूल चार वर्षांचं असतं: नववी म्हणजे फ्रेशमन, दहावी सॉफमोर, अकरावी ज्युनियर आणि बारावी सीनियर. बारावी पार पडली की हायस्कूल डिप्लोमा मिळतो आणि त्या समारंभालाही ग्रॅज्युएशनच म्हणतात. पदवीशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडची बारावी एका बोर्डाच्या परीक्षेवर ठरते. इथला डिप्लोमा चार वर्षांत साठवलेल्या क्रेडिट्सवर मिळतो. काही राज्यांत वेगळ्या परीक्षाही असतात. त्यामुळे "निकाल कधी लागणार?" या आजीच्या प्रश्नाला इथे सरळ उत्तर नसतं. एवढं मात्र आजीला नक्की सांगा, की ऑगस्टमध्ये नातवंड बहुधा घर सोडून राहायला जाणार आहे. जूनमध्ये आईबाबांचे डोळे उगाच भरून येत नाहीत.

२. सत्काराचा कार्यक्रम कधी ठेवावा?

जूनच्या मध्यावर ठेवलेला बरा. दक्षिणेकडच्या राज्यांत शाळा मेमध्येच संपतात, न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडे जूनअखेर उजाडते, तेव्हा आपल्या भागाचं वेळापत्रक आधी पाहा. मेचे पहिले दोन आठवडे एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षांचे असतात, त्या दिवसांत मुलांना काहीही विचारायला जाऊ नका. बहुतेक कॉलेजांना होकार कळवण्याची तारीख १ मे असते. त्याच्या आधी कोणत्याही घरी "मग, कुठे जाणार?" असा फोन करू नये. ओळखीचा फॉर्म आम्ही १५ मेनंतरच पाठवतो.

३. ती चौकोनी टोपी, गोंडा, गळ्यातल्या रंगीत दोऱ्या, या सगळ्याचा अर्थ काय?

टोपी-गाऊनची परंपरा युरोपातल्या जुन्या विद्यापीठांतली. अमेरिकेत कॉलेजांच्या वेशाचे एकसारखे नियम १८९५ साली ठरले आणि पुढे हायस्कूलनीही तो वेश उचलला. डिप्लोमा मिळेपर्यंत गोंडा उजवीकडे, मिळाला की डावीकडे, हा सर्वसाधारण रिवाज. गळ्यातल्या दोऱ्या म्हणजे ऑनर कॉर्ड्स. त्या गुणांसाठी, एखाद्या ऑनर सोसायटीसाठी किंवा समाजसेवेच्या तासांसाठी मिळतात. कुठला रंग कशासाठी हे शाळागणिक बदलतं, तेव्हा शेजारच्या मुलाच्या दोऱ्या मोजत बसू नका.

मुलं आत येताना वाजणारं संथ संगीत एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराचं, १९०१ सालचं. १९०५ मध्ये येल विद्यापीठाने त्याला मानद पदवी दिली तेव्हा ते तिथे वाजलं आणि मग देशभर पसरलं. टोप्या हवेत उडवण्याची प्रथा १९१२ साली नौदलाच्या अकादमीत सुरू झाली. त्या वर्षीपासून मुलं बाहेर पडताच थेट अधिकारी होऊ लागली, त्यामुळे विद्यार्थीदशेतल्या टोप्यांची गरज उरली नाही.

४. गाऊनवर पैठणीचा शेला किंवा उपरणं घेतलं तर चालतं का?

शाळेच्या समारंभात हे शाळा ठरवते. कॅलिफोर्नियात २०१९ पासून लागू असलेल्या कायद्याने सांस्कृतिक किंवा धार्मिक महत्त्वाची वस्तू अंगावर घालायचा हक्क विद्यार्थ्याला दिला आहे. कार्यक्रमात मोठा व्यत्यय येत असेल तरच शाळा अडवू शकते. इतरत्र नियम वेगळे आहेत. निदान महिनाभर आधी काउन्सेलरला ईमेल करा, वस्तूचा फोटो जोडा आणि उत्तर लेखी घ्या. दारात उभ्या असलेल्या शिक्षकाशी ऐन वेळी वाद घालून तो दिवस कडू करू नका. मंडळाच्या सत्काराला मात्र शेला जरूर घ्या, आम्हीच पिना घेऊन उभ्या असतो.

५. कोणकोणते मान ओळखीत लिहावेत?

सगळे लिहिले तर एकही लक्षात राहत नाही. आम्ही जास्तीत जास्त तीन घेतो. कोणते घ्यायचे हे ठरवायला थोडी माहिती:

व्हॅलेडिक्टोरियन म्हणजे वर्गात पहिला येऊन निरोपाचं भाषण करणारा, सॅल्युटेटोरियन म्हणजे स्वागताचं भाषण करणारा दुसरा. पण बऱ्याच शाळांनी हे क्रमांक बंद करून कॉलेजांसारखे लॅटिन दर्जे आणले आहेत, त्यामुळे "आमची शाळा रँक देत नाही" हे खरंच असतं, ती सबब नसते. नॅशनल ऑनर सोसायटी १९२१ पासून आहे. तिथे गुणांबरोबर सेवा, नेतृत्व आणि चारित्र्यही पाहतात. नॅशनल मेरिट या स्कॉलरशिप स्पर्धेचे सेमीफायनलिस्ट देशभरात सुमारे १६,००० असतात आणि ती निवड अकरावीत दिलेल्या पीएसएटी या परीक्षेवर होते. ईगल स्काउट, म्हणजे स्काउटमधला सर्वोच्च दर्जा, मिळवायला २१ मेरिट बॅजेस आणि एक मोठा सेवाप्रकल्प लागतो, तोही अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी.

या यादीत मला स्वतःला ईगल स्काउटचं फार वाटतं. एका दुपारच्या परीक्षेत ते मिळत नाही, कित्येक शनिवार-रविवार त्यात जातात.

६. जीपीए ४ च्या वर कसा जातो? तो वाचून दाखवावा का?

जीपीए म्हणजे गुणांची सरासरी. साध्या मोजणीत कमाल ४.०. एपी, ऑनर्ससारख्या अवघड विषयांना जास्त वजन दिलं की आकडा ४ च्या पुढे जातो, आणि वजन देण्याची पद्धत प्रत्येक शाळेची निराळी. म्हणून एका शाळेचा ४.३ आणि दुसरीचा ४.६ यांची तुलनाच होत नाही. आम्ही जीपीए वाचत नाही. दहा वर्षांपूर्वी वाचायचो, आणि स्टेजवर रांगेत उभी असलेली मुलं एकमेकांकडे न बघता आकडे ऐकत असायची.

७. ओळख किती शब्दांची असावी?

साठ ते सत्तर. मोठ्याने सावकाश वाचायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. पंचवीस मुलं असतील तर चालत येणं, टाळ्या, फोटो धरून पाऊण तास होतो. त्यापुढे मागच्या रांगेतली लहान मुलं पळायला लागतात आणि शेवटच्या पाच जणांवर अन्याय होतो.

८. पण लिहायचं काय? "मेहनती, हुशार, मनमिळाऊ" याच्या पलीकडे सुचत नाही.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि या सबंध कामात माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो तोही इथेच.

एका आईने पाठवलेली ओळख अशी होती: "आमचा मुलगा लहानपणापासूनच अत्यंत हुशार, मेहनती व मनमिळाऊ आहे. त्याला तंत्रज्ञानाची आवड आहे. तो नेहमी इतरांना मदत करतो." यात खोटं काहीच नव्हतं. पण हेच वाक्य त्या वर्षी आणखी सहा घरांतून आलं होतं. मी फोन केला आणि म्हटलं, मदत करतो म्हणजे काय करतो? नेमकं कुठे, कधी? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अहो, गणपतीत तो स्टेजमागे वायरी गुंडाळतो ना."

मग मलाही आठवलं. कार्यक्रम संपला की सगळे जेवणाच्या रांगेकडे जातात. हा एकटा मागे राहून माईकच्या केबल्स गुंडाळायचा. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, म्हणजे केबलला पीळ पडत नाही आणि आतली तार तुटत नाही. प्रत्येक वेटोळ्याला कापडी पट्टी बांधलेली, आणि पट्टीवर मार्करने वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलेलं: "डावा", "उजवा", "तबला", "निवेदक". मराठी शाळेत हा चौथीनंतर आला नव्हता. अक्षरं तेवढी टिकली होती.

स्टेजवर आम्ही तेच वाचलं. तबल्यावर बसणारे काका टाळ्या वाजवत उभे राहिले, कारण तीन वर्षं त्यांना आपली केबल शोधावी लागली नव्हती.

तेव्हा पद्धत अशी: विशेषण लिहा, मग स्वतःला विचारा, "हे मी कधी पाहिलं?" जे आठवेल ते लिहा आणि विशेषण खोडा. आईबाबांना सुचत नसेल तर भावंडाला विचारा. धाकटी बहीण एका मिनिटात सांगते. मुलाच्या शिक्षकांना, कोचला, जिथे तो शनिवारी काम करतो तिथल्या मॅनेजरलाही विचारता येतं. आणि लिहून झालं की मुलाला वाचायला द्या. त्याने जे काढायला सांगितलं ते काढायचं, वाद न घालता.

९. ओळख मराठीत वाचावी की इंग्रजीत?

दोन्ही. आधी मराठी, मग एका वाक्यात इंग्रजी. मुलांचे शाळेतले मित्र येतात, त्यांना कळायला हवं. पण मराठी आधी, कारण आजीसमोर नातवाचं कौतुक तिच्या भाषेत झालं की ते तिला दुसऱ्या कुणी समजावून सांगावं लागत नाही.

१०. आमच्या मुलाला एकही बक्षीस नाही. त्याचं नाव द्यावं का?

द्याच. हा सत्कार हायस्कूल संपवल्याचा आहे, तेवढी एकच अट. काय लिहायचं असं वाटलं तर प्रश्न ८ पाहा. माझा अनुभव असा, की बक्षिसांची यादी हाताशी नसते तेव्हा आईबाबा मुलाकडे नीट बघून लिहितात आणि ती ओळख जास्त चांगली उतरते. एका मुलीबद्दल तिच्या बाबांनी लिहिलं होतं, की ती चार वर्षं रोज धाकट्या भावाला बसस्टॉपवर सोडून मग शाळेत गेली आणि त्यापायी पहिल्या तासाला नेहमी धावत पोचली. सभागृहातल्या कितीतरी मोठ्या बहिणींनी त्या दिवशी डोळे पुसले.

११. मुलगी म्हणते, "मला स्टेजवर यायचंच नाही." काय करावं?

आणू नका. लाजरेपण म्हणजे आजार नव्हे. मधला मार्ग हवा असेल तर तिला विचारा: नाव आणि फोटो स्मरणिकेत चालेल का? ओळख वाचू, पण ती जागेवरच बसून राहील, हे चालेल का? एका मुलीने आम्हाला सांगितलं, की मी येणार नाही, पण माझी चित्रं भिंतीवर लावा. सोळा चित्रं लावली. ती दाराजवळ उभी राहून लोक बघताना बघत होती.

१२. कोणत्या कॉलेजला जाणार हे वाचावं का?

आम्ही आता वाचत नाही. यामागे माझी एक चूक आहे आणि ती सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वी मीच प्रत्येकाच्या ओळखीच्या शेवटी कॉलेजचं नाव वाचत होते. मोठ्या नावांना मोठ्या टाळ्या पडत होत्या. मधेच एका मुलाचा नंबर आला. त्याने आधी दोन वर्षं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन मग विद्यापीठात बदली घ्यायची ठरवली होती. वडिलांची नोकरी गेली होती, आणि हा निर्णय त्याने स्वतः हिशेब मांडून घेतला होता. सतरा वर्षांच्या मुलाने घेतलेला इतका समंजस निर्णय मी त्या वर्षी दुसरा पाहिला नव्हता. मी कॉलेजचं नाव वाचलं आणि टाळ्या क्षणभर उशिरा पडल्या. तेवढ्यात त्याने मान खाली घातली. ती मान मला आजही दिसते.

पुढच्या वर्षीपासून आम्ही फॉर्मवर "पुढे काय शिकायची, करायची इच्छा आहे?" एवढंच विचारतो. कुणी म्हणतं पूल बांधायचे आहेत, कुणी म्हणतं वर्षभर काम करून मग ठरवीन, कुणी सैन्यात जातं, कुणी इलेक्ट्रिशियनचं काम शिकतं. या उत्तरांना टाळ्या सारख्या पडतात. कॉलेजचा टी-शर्ट घालून यायचं असेल तर त्याला आमची हरकत नसते.

१३. मिळालेल्या स्कॉलरशिपची रक्कम सांगावी का?

नको. आपल्या समाजात तर मुळीच नको. बऱ्याच स्कॉलरशिप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच मिळतात, सरकारी शिक्षणसाहाय्याचंही तेच. एच-४ व्हिसावरचं, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारे इथे राहणारं मूल बालवाडीपासून इथेच शिकलेलं असलं तरी त्यातल्या बहुतेक ठिकाणी अर्जच करू शकत नाही, आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की त्याचा तो व्हिसाही संपतो. रकमांची यादी वाचली की अशा मुलासमोरची जागा कोरी दिसते. ती कोरी का, हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं.

१४. "भविष्यात अमुक होईल" अशी गमतीची बिरुदं द्यावीत का?

शाळेच्या इयरबुकात ही प्रथा जुनी आहे. वर्गाची ओळख छापण्याची कल्पनाच मुळी दोनशे वर्षांहून जुनी: येलने १८०६ च्या वर्गाच्या चेहऱ्यांचं पुस्तक काढलं होतं. बिरुदं द्यायला हरकत नाही, पण रूप, वजन, रंग, जोडी आणि खाण्याच्या सवयी यांवर एकही नको. प्रत्येकाला एक मिळायला हवं, कुणाला दोन नाहीत. आणि ती मुलांनीच एकमेकांना द्यावीत, काका-मावश्यांनी नव्हे. "ग्रुपमध्ये सगळे झोपले तरी उत्तर देणारी" हे एका मुलीला मिळालेलं बिरुद मला कुठल्याही पदकाच्या तोडीचं वाटलं.

१५. शाळेत मुलाच्या नावाचा दरवर्षी विचका होतो. काही उपाय?

आहे, आणि तो कराच. चार वर्षं ज्याने "इट्स ओके" म्हणून सोडून दिलं, त्याचं नाव निदान त्या एका दिवशी नीट उच्चारलं जायला हवं.

बहुतेक शाळा नावं वाचणाऱ्याला उच्चाराच्या चिठ्ठ्या देतात. चिठ्ठीवर नाव तोडून लिहा आणि जोर कुठे द्यायचा ते दाखवा. "मृण्मयी" असेल तर "म्रुन्-म-यी", असे तीन तुकडे. "अथर्व" मध्ये ते थ बघून जीभ दातांत धरतात, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधला एच काढून टी एवढंच लिहा. थ चा ट झाला तरी चालेल, नाव ओळखू येतं. "ज्ञानदा" साठी जे-एन या स्पेलिंगवर अवलंबून राहू नका, "द्न्या" असं सुचवा. ळ त्यांना जमत नाही, तिथे साधा ल चालवून घ्या. "ढवळे" चं "धावाली" होण्यापेक्षा "ढवले" बरं. सगळ्यांत उत्तम म्हणजे मुलाने स्वतःच्या आवाजात नाव दोनदा रेकॉर्ड करून पाठवणं. वाचणारे शिक्षक बहुतेक वेळा मनापासून ऐकतात. एका उपमुख्याध्यापकांना मी पार्किंगमध्ये गाडीत बसून एक आडनाव पुन्हा पुन्हा म्हणताना पाहिलं आहे.

मंडळाच्या कार्यक्रमातही हा नियम लागू. मुलाने शाळेत नाव छोटं केलं असेल तर स्टेजवर कोणतं हवं हे त्यालाच विचारा.

१६. आजी-आजोबांना भारतातून बोलवायचं आहे. काय लक्षात ठेवावं?

व्हिसा नसेल तर फार आधी सुरुवात करा, मुलाखतीची तारीख मिळायला अनेकदा महिनोन्‌महिने लागतात. बी-२ या पर्यटक व्हिसासाठी आमंत्रणपत्राची सक्ती नाही. जोडलं तरी निर्णय आजी-आजोबांच्या स्वतःच्या परिस्थितीवर होतो. शाळेच्या समारंभाची तिकिटं मोजकी असतात, ती हातात येईपर्यंत सगळ्या नातेवाइकांना होकार देऊन बसू नका. मैदानावर कार्यक्रम असेल तर उन्हाची टोपी, पाणी आणि आजोबांच्या गुडघ्यांचा विचार करून कडेची खुर्ची.

येणं जमत नसेल तर बऱ्याच शाळा थेट प्रक्षेपण करतात. मे-जूनमध्ये भारत पूर्व किनाऱ्याच्या साडेनऊ तास आणि पश्चिम किनाऱ्याच्या साडेबारा तास पुढे असतो. न्यू जर्सीत संध्याकाळी सातचा समारंभ म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचार. आडनाव वर्णानुक्रमात कुठे येतं ते आधी कळवा, म्हणजे "कुलकर्णी" साठी किती वेळ जागायचं याचा अंदाज येतो.

१७. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांचा वेगळा उल्लेख करावा का?

नक्की. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेच्या, मराठी शाळांत वर्षानुवर्षं रविवार सकाळ घालवणं हे सोपं काम नाही. शिवाय सील ऑफ बायलिटरसी नावाचा मान आहे. तो कॅलिफोर्नियाने २०११ साली प्रथम आणला, आता बहुतेक राज्यांत मिळतो आणि डिप्लोमावर त्याची नोंद होते. इंग्रजीबरोबर दुसरी भाषा लिहिता, वाचता, बोलता येते हे त्यासाठी दाखवावं लागतं. मराठीची परीक्षा आपला डिस्ट्रिक्ट मान्य करतो का, हे अकरावीतच काउन्सेलरला विचारा. सीनियर वर्षाच्या वसंतात विचारलं तर बहुधा मुदत गेलेली असते.

१८. भेट काय द्यावी?

पाकिटात ५१ किंवा १०१ डॉलर देण्याची आपली रीत इथेही चालू आहे आणि मुलांना ती आवडते. मंडळाकडून आम्ही प्रत्येकाला सारखीच वस्तू देतो. मुलांना एकच विनंती: आभाराची चिठ्ठी हाताने लिहा, महिन्याच्या आत.

१९. मुलाची माहिती आणि फोटो छापायला परवानगी लागते का? शाळेकडून यादी मिळेल का?

शाळेकडे मागू नका. १९७४ च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्यांच्या नोंदी संरक्षित आहेत. नाव किंवा मिळालेले मान अशी काही माहिती शाळा जाहीर करू शकते, पण कुटुंबाने नकार दिलेला असेल तर तीही नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की हे हक्क आईबाबांकडून त्याच्याकडे जातात. हा कायदा मंडळाला थेट लागू होत नाही, तरी आम्ही त्याच भावनेने चालतो: फॉर्मवर मुलाची स्वतःची सही घेतो. घरचा पत्ता आणि जन्मतारीख छापत नाही.

२०. आमच्या मुलाच्या विशेष गरजा आहेत. तो वर्गमित्रांबरोबर ग्रॅज्युएट होऊ शकतो का?

समारंभात चालणं आणि डिप्लोमा घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक पालकांना वेळेवर कळणं फार गरजेचं आहे. नियमित डिप्लोमा स्वीकारला की विशेष शिक्षणाच्या सेवांचा हक्क तिथेच संपतो. तो न घेता पुढे शिकत राहिलं तर केंद्रीय कायद्याखाली त्या सेवा साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकतात. नेमकी मर्यादा राज्य ठरवतं. बऱ्याच ठिकाणी मुलाला चार वर्षांनी वर्गमित्रांबरोबर समारंभात चालू देतात आणि डिप्लोमा नंतर देतात. आयईपीच्या, म्हणजे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्याच्या बैठकीत हे अकरावीतच बोलून घ्या आणि लेखी नोंदवा.

मंडळाच्या सत्कारात आईबाबा म्हणतील ते वर्ष. टाळ्यांचा आवाज सोसत नसेल तर आधी सांगा. एका वर्षी आम्ही सगळ्यांनी हात वर करून नुसती बोटं हलवली. स्टेजवरच्या त्या मुलानेही आमच्याकडे बघून तसंच केलं.

२१. क्रेडिट कमी पडले, उन्हाळी वर्ग करून ऑगस्टमध्ये डिप्लोमा मिळणार आहे. यंदा नाव देता येईल?

येईल. डिप्लोमा आम्ही बघायला मागत नाही.

२२. आईबाबा वेगळे झाले आहेत. दोघांनी वेगवेगळ्या ओळखी पाठवल्या तर?

मुलाला विचारून एक निवडतो किंवा दोन्हींतलं एकेक वाक्य घेतो. "यांचा मुलगा" असं म्हणताना दोन्ही नावं घ्यायची की एकही नाही, हेही मुलालाच ठरवू देतो. स्टेजवर फोटो दोन काढावे लागले तर दोन काढतो. त्या दिवशी मुलाला मध्यस्थ व्हायला लागू नये, एवढं मोठ्यांनी बघावं.

२३. यांच्यातलाच एक मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. तो असता तर यंदा सीनियर असता. काय करावं?

आधी घरच्यांना विचारा, आणि एकाच माणसाने, प्रत्यक्ष जाऊन विचारा. काही घरांना नाव ऐकायचं असतं, काहींना त्या दिवशी सभागृहाकडे वळूनही बघवत नाही. दोन्ही बरोबर आहे.

आमच्याकडे एका आईने होकार दिला. तिने ओळखही स्वतःच लिहून दिली, इतरांसारखीच सत्तर शब्दांची. त्यात शोक कुठेच नव्हता. तो पत्त्यांत कसा लबाडी करायचा आणि पकडला गेला की कसा हसायचा, एवढंच. वर्णानुक्रमात त्याचं नाव जिथे यायचं तिथेच ते वाचलं, पुढे-मागे केलं नाही. त्याच्यानंतर ज्या मुलीचं नाव होतं, तिला आधी कल्पना दिली होती, म्हणजे तिला लगेच हसत स्टेजवर यावं लागलं नाही. आम्ही पूर्ण मिनिटभर थांबलो.

२४. कार्यक्रम झाल्यावर त्या ओळखींचं काय करता?

जाड कागदावर छापून, वाचणाऱ्याची सही करून त्याच संध्याकाळी मुलाच्या हातात देतो. छापण्याआधी देवनागरीतलं नाव आजीकडून तपासून घ्या. वेलांट्या-उकार आमच्याकडून दरवर्षी चुकतात आणि आजी ते एका नजरेत पकडते. वायरी गुंडाळणाऱ्या त्या मुलाच्या आईने ऑगस्टच्या शेवटी सांगितलं, की डॉर्मची खोली लावताना त्याने तो कागद टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला, आणि खालच्या एक्स्टेन्शन कॉर्डला पट्टी बांधून त्यावर लिहिलं: "दिवा".